मसनवट्यावर कोण बोट ठेवील

कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, गावातला कुणी मोठा हुद्देदार असेल. तसलं काही नाही. तलाठ्याच्या हाताखालचा सगळ्यात खालचा माणूस म्हणजे कोतवाल. घरोघर नोटिसा द्यायच्या, पंचनाम्याला टेपाचं दुसरं टोक धरायचं, साहेब आला की खुर्ची पुसायची, मतदानाला शाळेत बाकडी लावायची. गावाला काही सांगायचं असलं की हलगी वाजवत दवंडी द्यायची. आणखी एक काम असतं, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. गावात कुणी मेलं की त्याचं नाव तलाठ्याच्या कानावर घालायचं. पोरगं झालं तर बाप पेढे घेऊन सांगायला जातो. मेलेल्याचं सांगायला कोतवाल जातो.

हे काम मी जवानीपासून म्हातारपणापर्यंत केलं. शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाला आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात गावाची चूक येते आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

माझी बायको गिरजा मागच्या भादव्यात गेली. खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी धंदा सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

ग्रामसभेत ग्रामसेवक वाचायचा, सरपंच बसायचा, आणि मोठ्यानं विचारायचं काम माझ्या गळ्यावर होतं. विचारायच्या दोन तऱ्हा होत्या. नळ, रस्ता, शाळेची खोली, असलं काही असलं की म्हणायचं, "कोण कोण राजी हाय, हात वर करा." हात भराभर वर यायचे. पण मौतमातीची गोष्ट असली की असं विचारायचं नाही. आपल्या हातानं मरणाला हात वर कोण करील? तिथं उलटं विचारायचं, "कुणाची ना हाय का?" सगळे खाली बघायचे, कुणी खोकायचं, कुणी तंबाखू मळायचं. थोडं थांबून म्हणायचं, "कुणाची ना न्हाई." झालं. ठराव पास.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीचा कोतवाल असंच विचारायचा, तसंच मीही विचारत गेलो. देवळामागच्या आडात एक लेकुरवाळी बाई गेली तेव्हा तो आड बुजवायचा होता. तिचा सासरा समोर बसलेला. नाव कसं काढावं? मी इतकंच म्हणालो, "देवळामागच्या कामाला कुणाची ना हाय का?" कुणी वर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुरमाचं ट्रॅक्टर आलं. त्या दिवशी मला माझ्या कामाचा लई अभिमान वाटला होता.

पण याच तऱ्हेनं वाईटही झालं, तेही लिहितो. गायरानाचा एक तुकडा एका मोठ्या घराच्या घशात गेला तो असाच. "कुणाची ना हाय का?" म्हणून विचारलं गेलं, आणि धुरपताबाई पार मागं, शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या शेरड्या त्याच तुकड्यावर चरायच्या. तिनं तोंड उघडलं नाही. कारण ती त्याच मोठ्या घराच्या हळदीत मजुरीला जायची. वाटेत मला धरून म्हणाली, "कोतवाल, तुमाला बरं ऐकू येत न्हाई वाटतं. माझी ना होती की."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"उद्या कामाला तुमच्याकडं यिऊ का?"



म्हणून मेघनाबाई फोनवरचं मतदान घेऊन गावात आली तेव्हा मी तिच्या बाजूनं होतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की म्हातारा यंत्रावर खार खाऊन आहे.

मेघनाबाई पुण्याकडची पोरगी. कुठल्या तरी संस्थेची. आमच्या गावात प्रयोग करायचा म्हणून आली होती. माझी नोकरीची शेवटची वर्षं चालली होती. गावाला एका कामापुरता पैसा आला होता आणि ते काम कोणतं, हे गावानंच मत देऊन ठरवायचं होतं. कुणी काय दाबलं ते कुणाला दिसणार नाही, आणि एकदा दाबलेलं कुणाला बदलता येणार नाही. त्याला ती ब्लॉकचेन म्हणायची. मी म्हणालो, "बाई, माझ्या डोस्क्यात उतरंल असं सांगा."

ती म्हणाली, "काका, तुम्ही दवंडी देता ना? एकाच्या कानात सांगितलेलं तो उद्या फिरवू शकतो. पण सगळ्या गावानं एकदम ऐकलेलं एकटा माणूस कसा फिरवणार? हे तसंच आहे. तुमचं मत एका वहीत जात नाही, एकदम पुष्कळ ठिकाणी जातं, आणि प्रत्येक मत मागच्या मताला गाठ मारून बांधलेलं असतं. मधलं एक सोडायला गेलं की सगळ्या ठिकाणी कळतं."

"सरपंचाला बदलता येईल?"

"नाही."

"तहसीलदाराला?"

"नाही. मलासुद्धा नाही."

सरपंच दिगंबरराव शेजारीच बसले होते. ते हसून म्हणाले, "मंग आमी काय करावं बाई? नुसतं झेंडावंदन?"

मत द्यायला तीन कामं ठरली. वेशीवर सिमेंटची कमान, पोरांसाठी व्यायामाची मशिनं, आणि स्मशानात शेड. आमचा मसनवटा ओढ्याच्या काठाला, उघडा माळ. पावसाळ्यात कुणी गेलं की लई तकलीफ. ओलं सरण पेटत नाही, अर्धवट जळतं. माणसं घरचे पत्रे नेऊन वर धरतात. हे मी किती वेळा बघितलं त्याची गिनती नाही. दिगंबररावांचा बापच असा आषाढात जाळला होता. त्यामुळं शेड व्हावं असं सरपंचालाही वाटत होतं. पारावर, हॉटेलात, कुणालाही विचारा, "शेडच पाहिजे, त्यात काय विचारायचं!" मेघनाबाई मला म्हणाली, "काका, निकाल तर आत्ताच दिसतोय." मलाही तसंच वाटत होतं.

मतदानाच्या दिवशी ज्यांच्याकडं चांगला फोन होता त्यांनी घरात बसून दाबलं. बाकीच्यांसाठी शाळेच्या व्हरांड्यात एक पाटीएवढं यंत्र ठेवलं होतं, भोवती पडदा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मेघनाबाईनं चित्रं टाकली होती, फोनवरही तीच. कमानीचं चित्र, त्यावर झेंडूच्या माळा. मशिनाचं चित्र, त्यावर एक दंड फुगवलेला गडी. आणि शेडचं चित्र. शेडखाली सरण रचलेलं आणि त्यातून लालभडक जाळ निघतोय.

मी पडद्याबाहेर बसून नावं पुकारत होतो. बाया आत जायच्या आणि आतून आवाज यायचा, "अगं माय!" एकजण बाहेर येऊन म्हणाली, "बाई, ह्ये असलं काहून काढलंय? घरात तान्हं लेकरू हाय माझं." एकाची आई दवाखान्यात होती, तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. मी त्याला काही विचारलं नाही, विचारायचं नव्हतं. धुरपताबाई बाहेर आली ती सरळ हापशावर गेली आणि हात धुऊ लागली. मी हे सगळं बघत होतो, पण बघून न बघितल्यासारखं. डोक्यात काही आलं नाही.

गिरजा आली ती पदर खोचून. दम्यानं तेव्हाच तिला चार पावलं टाकली की थांबावं लागायचं. ओलं जळण फुंकून फुंकून तिची छाती गेली होती. आत गेली, बाहेर आली, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "म्या लावलं बोट जाळावर. त्येला काय भ्यायचं?"

मेघनाबाई धावत आली. "काकू, सांगायचं नसतं! गुप्त असतं ते."

"अगं पोरी, आमचा मालक साऱ्या गावाची मयत सांगत हिंडला. आमच्या घरात अशुभ ऱ्हायलंच न्हाई. सगळं संपलं त्ये." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, तुमी बी तिथंच दाबा. फुडं आपल्यालाच लागणार हाय. अन् पयली मीच जाणार, सांगून ठिवते. तुमाला सैपाक येत न्हाई, तुमचे हाल व्हतील, पर त्येला इलाज न्हाई."

बाया हसल्या. मीही हसलो. मी आत जाऊन जाळावरच दाबलं.

संध्याकाळी निकाल शाळेच्या भिंतीवर दाखवला. कमान आली. ती पण भरघोस मतांनी. शेडला दोन हातांच्या बोटांत मावतील एवढी मतं. आमची दोन त्यातलीच.

सभा उसळली. "घोळ हाय ह्यो! मशिनीत घोळ हाय! सारा गाव शेड म्हणून राहिला आन् कमान कुठून आली?" ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता ते पारावर शेडसाठी सगळ्यात जास्त बोलणारे होते. दिगंबरराव उठून म्हणाले, "म्या काई केलं न्हाई, लेकराची आन." मेघनाबाईचा चेहरा पांढरा पडला. पण ती घाबरली नाही. म्हणाली, "प्रत्येकाला एक नंबर दिलाय. ज्याला शंका असेल त्यानं इथं यावं, नंबर टाकावा आणि आपलं स्वतःचं मत बघावं. फक्त त्यालाच दिसेल. ज्याचं मत बदललेलं निघेल त्यानं मला सगळ्यांसमोर खोटं म्हणावं."

माणसं रांगेनं आली. एकेक जण पडद्याआड गेला, बघितलं, बाहेर आला आणि कुणाशी न बोलता चप्पल घालून घरी गेला. जो सगळ्यात जोरानं ओरडत होता तोही. शेवटी व्हरांड्यात मी, मेघनाबाई आणि सरपंच एवढेच उरलो. भांडायला कुणी शिल्लक नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ लबाडीच्या सभा बघितल्या. पण लबाडी नसलेली सभा अशी उठते हे तेव्हा बघितलं.

घरी आल्यावर गिरजा म्हणाली, "चित्र बघून भ्याली असतील. म्हंजी वाईट न्हाईत. भ्याली."

मी म्हणालो, "मंग आता?"

"आता काय, कमानीतून मिरवत जाऊ."

कमान झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. दोन खांब, वर रुंद स्लॅब, रंग पिवळा. कुरुंद्याकडून येणाऱ्याला लांबून दिसते. मी निवृत्त झालो. माझ्या जागी नवा कोतवाल आला. तो हलगी वाजवत नाही, ग्रुपवर मेसेज टाकतो. पोरगा कामाला बराबर आहे, तक्रार नाही.

गिरजा गेली ती सकाळी. चहा मागितला, मी केला, कप हातात दिला, तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर इसरलात." उठून डबा आणीपर्यंत ती संपली होती. एवढंच. याच्यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

पाऊस आदल्या दिवसापासून लागलेला होता. आमची लेक सुमन हट्टा गावात दिलेली, ती येईपर्यंत थांबलो. वाटेत ओढ्याला पाणी म्हणून तिला वळसा पडला. ती आली आणि तिरडी उचलली. वेशीपर्यंत गेलो आणि पाऊस असा सुटला की पुढचा माणूस दिसेना. खांदेकऱ्यांचे पाय गाळात जाऊ लागले. कुणी तरी म्हणालं, "ठिवा, ठिवा, कमानीखाली ठिवा."

कमानीखाली ठेवली. साऱ्या वाटेत तेवढीच एक कोरडी जागा होती. वर स्लॅब, खाली गिरजा. आम्ही सगळे तिच्या भोवती दाटीनं उभे, कारण प्रत्येकालाच डोकं कोरडं ठेवायचं होतं. पाऊस थांबेना.  दिगंबरराव तिच्या डोक्याशी छत्री धरून उभे होते, स्लॅबखालीसुद्धा. वाऱ्यानं शिंतोडे येत होते म्हणून.

तेवढ्यात धुरपताबाई बायांतून पुढं आली. वेशीच्या पुढं आमच्याकडं बाया जात नाहीत, पण पावसानं त्यांनाही तिथंच अडकवलं होतं. ती तिरडीपाशी बसली आणि गिरजाच्या पायाला हात लावून म्हणाली, "गिरजे, माझ्यानं त्या जाळावर बोट ठिववलं न्हाई गं. माझा ल्योक तवा आजारी व्हता. म्या कमान दाबली. तुजी शपथ, मला कमान नकोच व्हती."

मग एकजण म्हणाला, "म्या बी." त्याच्या मागचा म्हणाला, "घरात नवी सून आली व्हती." कुणी म्हातारी म्हणाली, "मला वाटलं बाकीचे दाबतील की, मी एकटीनं न्हाई दाबलं तर काय व्हतंय." मेघनाबाईनं लपवून ठेवलेली मतं गावानं तिरडीशेजारी उघडी केली. मी ऐकत होतो. राग यायला पाहिजे होता. पण रागाला जागा नव्हती. मला एवढंच वाटत होतं की गिरजानं हे ऐकायला पाहिजे होतं. ती म्हणाली असती, "म्या सांगितलं व्हतं, भ्याली."

पाऊस कमी झाला तसं पुढं गेलो. बाकीचं लांबवत नाही. ज्यांनी कमान दाबली त्याच गड्यांनी घराचे पत्रे काढून आणले, बांबूवर बांधले आणि सरणावर धरले. खालून जाळ, वरून पाणी. पत्रे तापले, हात भाजले, कुणी सोडले नाहीत. डिझेल ओतावं लागलं. तरी दिवस मावळेपर्यंत ती पुरती जळली नव्हती. मी गावातल्या पुष्कळ मयती बघितल्या, पण आपल्या माणसाचा तसा वास नाकात गेला की तो जात नाही.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं नाव सांगायला नवा कोतवाल निघाला होता. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे, मी जातो." आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सांगितली. हे एक माझं होतं. तलाठी उठून उभा राहिला. मी नाव सांगितलं आणि परत आलो. पुढं रेशनकार्डातून तिचं नाव कमी झालं, मतदार यादीतून कमी झालं. हे बराबरच आहे. मीच असली नावं कमी करायला मदत करत आलो.

दिवाळीनंतर मेघनाबाई आली. गावाला पुन्हा एका कामाचा पैसा आला होता. ती आधी माझ्या घरी आली आणि खाली बसली. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "काका, ते चित्र मी निवडलं होतं."

मी म्हणालो, "चित्र काढून टाका. आन् आमी जसं इचारायचो तसं इचारा. कुणाची ना हाय का, म्हणून. जो गप ऱ्हाईल तो राजी."

ती म्हणाली, "काका, गप्प राहिलेला राजी आहे असं मी कसं धरू? एखादा गावाला गेलेला असेल. एखादी भ्यालेली असेल."

मला गायरान आठवलं. शाळेच्या भिंतीला टेकलेली धुरपताबाई आठवली. मी म्हणालो, "तुमचं बी खरं हाय. मंग कसं करावं?"

आम्ही दोघं चहा पीत बसलो. चहात मी साखर आधीच टाकली होती. मग तीच म्हणाली, "प्रश्न तुमचा ठेवू. पण दाबायचं सगळ्यांनी. 'स्मशानात शेड करायला तुमची ना आहे का?' एक बटण 'ना आहे', एक बटण 'ना नाही'. गप्प कुणीच राहायचं नाही. चित्र नाही, जाळ नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्र बोलून सांगेल."

"यंत्र कुणाच्या आवाजात बोलंल?"

"तुमच्या चालेल का?"

फोन तोंडापुढं धरून मी ते म्हणालो. बसून जमेना, म्हणून उभा राहिलो. हलगी काढली, थोडी शेकून ताणली, दोन थापा दिल्या आणि पुन्हा म्हणालो. ते बराबर आलं.

मतदानाच्या दिवशी मी व्हरांड्यात गेलो नाही. लोकांनी सांगितलं की पडद्याआडून माझा आवाज आला की म्हातारी माणसं सवयीनं खाली बघायची आणि मग बोट पुढं करायची. हापशावर हात धुवायला कुणी गेलं नाही. ठराव झाला. थोड्या जणांची ना होती. ती कुणाची, हे कळलं नाही आणि कळायचं कारण नाही. त्यांनाही हक्क आहे.

मी मेघनाबाईला एकच विचारलं. "गिरजाचं पयलं मत आता काढून टाकलं असंल न्हवं? माणूस ऱ्हायलं न्हाई."

ती म्हणाली, "ते निघत नाही, काका. कुणालाच काढता येत नाही. तिच्या मागून आलेली सगळी मतं त्याला बांधलेली आहेत."

"तुमचं बी?"

"माझं नाही, मी गावची नाही. पण तुमचं आहे. तिच्या लगेच मागं तुम्हीच होता ना?"

होतो.

शेडचे खांब उभे राहिले, वर पत्रे चढले, खाली सिमेंटचा ओटा झाला. ओट्याला पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट तडकतं. गवंडी एकटा, म्हणून ते काम मी मागून घेतलं. ओढ्यातून घागर भरायची आणि ओतायची. लोक म्हणतात, कोतवाल म्हातारपणी बिगारी झाला. म्हणू द्या.

शेड बांधलं ते गिरजाला जाळलं त्या जागेच्या जरा बाजूला, कारण ती जागा सखल आहे, तिथं पाणी साचतं. परवा गवंडी पत्र्याखाली बसून बिडी ओढत होता. त्यानं मला घागर घेऊन भलतीकडं जाताना बघितलं. मी त्या सखल जागेवर सगळी घागर रिकामी केली, हळूहळू.

तो ओरडला, "कोतवालमामा, ओटा इकडं हाय!"

"ठाव हाय मला," मी म्हणालो, आणि दुसरी घागर भरायला ओढ्यात उतरलो.